एफटी८वर स्वच्छ सिग्नल: आधी अँटेना, मग आवाजाची पातळी, शेवटी पॉवर

एफटी८ म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅमची, संगणकातून छोटे संदेश पाठवण्याची पद्धत. संध्याकाळी सातच्या सुमारास ७.०७४ मेगाहर्ट्झवर रिग (रेडिओ संच) लावा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरचा वॉटरफॉल, म्हणजे आलेल्या सिग्नलांचं सरकतं चित्र, पाहा. तीन किलोहर्ट्झच्या पट्टीत वीस-तीस स्टेशनं शेजारी शेजारी बसलेली असतात. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली जागा सुमारे ५० हर्ट्झची. अशात एखादं स्टेशन ६०० हर्ट्झवर ठळक दिसतं, आणि त्याच पंधरा सेकंदांत १२०० आणि १८०० हर्ट्झवर त्याच्याच फिकट सावल्या उमटतात. त्या सावल्यांखाली दोन-तीन दुबळी स्टेशनं गाडली जातात. दूर कुठेतरी कोणी पाच वॉटवर हाक मारत असतो आणि ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

मी एफटी८ सुरू केलं तेव्हा तो सावल्या पाडणारा मीच होतो. एका ज्येष्ठ हॅम काकांचा फोन आला. ते म्हणाले, "अरे, तू एकाच वेळी तीन ठिकाणी दिसतोयस. पॉवर राहू दे बाजूला, आधी तुझा ऑडिओ खाली घे." मी रिगची पॉवर ५० वॉटवरून २० वर आणली. सावल्या तशाच राहिल्या, कारण बिघाड पॉवरमध्ये नव्हताच. संगणकातून रिगमध्ये जाणारा आवाज गरजेपेक्षा कितीतरी मोठा होता. हा फरक कळायला मला एक अख्खा रविवार लागला. तुमचा रविवार वाचावा म्हणून तेव्हापासून मी पाळत आलेला क्रम इथे सविस्तर लिहितो.

एफटी८ची मागणी वेगळी का

एफटी८ २०१७ साली आलं. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी ते घडवलं आणि त्यांच्या आडनावांवरूनच 'एफटी' हे नाव पडलं. ८ म्हणजे आठ स्वर. दोन स्वरांत अंतर ६.२५ हर्ट्झ. प्रत्येक पाळी १५ सेकंदांची आणि त्यात प्रत्यक्ष प्रक्षेपण १२.६४ सेकंद.

त्या १२.६४ सेकंदांत रिगला क्षणाचीही उसंत नसते. बोलताना आपण श्वास घेतो, शब्दांमध्ये थांबतो, त्यामुळे १०० वॉटची रिग बोलताना सरासरी त्याहून खूप कमी काम करते. एफटी८मध्ये सुई एकाच जागी खिळलेली असते. म्हणून १०० वॉटच्या रिगवर मी २५ ते ४० वॉटच्या वर जात नाही. रिग हाताला कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. परवान्यावर लिहिलेली वॉटची मर्यादा तर सगळ्यांच्या वर आहेच. व्हीयू३ आणि व्हीयू२ या परवान्याच्या दोन्ही वर्गांची मर्यादा सारखी नाही, आपली कोणती ते कागद काढून एकदा वाचून ठेवा.

पायरी १: अँटेना, सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधी

सॉफ्टवेअरमधलं 'ट्यून' बटण अँटेना ट्यून करत नाही. ते फक्त एक अखंड स्वर सोडतं. नावामुळे नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं. अँटेना ट्यून होते ती गच्चीवर, हातात पक्कड आणि टेप घेऊन.

४० मीटर बँडच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या, साध्या डायपोलचं (मध्यावर केबल जोडलेल्या दोन सारख्या वायरींच्या अँटेनाचं) उदाहरण घेऊ. एकूण लांबीचा ठोकताळा म्हणजे १४२.६ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.०७४ने भागलं की २०.१६ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १०.०८ मीटर. आपल्याकडे बहुतेक जण घरगुती वायरिंगची प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर वापरतात. आवरणामुळे प्रत्यक्ष लांबी आणखी थोडी कमी लागते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बांबू बांधून उलट्या 'व्ही'सारखी सोडली तर पुन्हा थोडा फरक पडतो. म्हणून सुरुवातीला जास्तीची वायर ठेवायची आणि मोजत मोजत कमी करायची.

मोजायला नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारं यंत्र उत्तम. आधी त्याचं कॅलिब्रेशन करायचं: ओपन, शॉर्ट, लोड, या क्रमाने. मग ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ असा पट्टा लावून एसडब्ल्यूआरची दरी कुठे पडते ते पाहायचं. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना किती जुळली आहे याचं माप: १ म्हणजे काहीच परत येत नाही, आकडा मोठा तितकी जास्त पॉवर परत. समजा प्रत्येक बाजू १०.३० मीटर आहे आणि दरी ६.९३ मेगाहर्ट्झवर आहे. ६.९३ला ७.०७४ने भागा, उत्तर येतं ०.९८. १०.३०ला त्याने गुणा, १०.०९ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूने साधारण २१ सेंटिमीटर कमी करायचे. वायर कापू नका. टोकाकडून मागे दुमडून तिच्यावरच घट्ट पीळ द्या. चुकलं तर उलगडता येतं. दोन्ही बाजू सारख्याच कमी करा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

एसडब्ल्यूआर किती चालेल? १.५ला परत येणारी पॉवर ४ टक्के, २ला ११ टक्के, ३ला २५ टक्के. १.५ आणि १.१ यांतला फरक पलीकडच्या माणसाला कधीच कळणार नाही, त्यासाठी दुपारभर उन्हात गच्चीवर उभं राहू नका. २च्या पुढे मात्र बऱ्याच ट्रान्झिस्टर रिग स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर आपणहून खाली आणतात, आणि मग पुढच्या पायऱ्यांतले आकडे फसवे ठरतात.

कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. पावसाळ्यात एसडब्ल्यूआर अचानक सुधारला तर खूश होऊ नका. कोअॅक्समध्ये, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतच्या जाळीदार आवरणाच्या केबलमध्ये, पाणी शिरलं की तिच्यातली गळती वाढते. जाणारा सिग्नल वाटेत जिरतो, परत येणाराही जिरतो, आणि मीटरला वाटतं काहीच परत येत नाही. एका दिशेने ३ डेसिबल, म्हणजे निम्म्या पॉवरची, गळती असलेल्या केबलचं अँटेनाकडचं टोक उघडं सोडलं, तरी रिगपाशी एसडब्ल्यूआर ३च दिसतो. खरं तर तो अनंत असायला हवा. म्हणून मी दर वर्षी मृगाच्या आधी केबलचं वरचं टोक सोडून रिगपाशी एसडब्ल्यूआर मोजतो आणि वहीत लिहितो. पाऊस सरला की पुन्हा मोजतो. आकडा खाली आला असेल तर केबल बदलायची. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप, आणि केबलला जोडाच्या खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

आणखी एक. डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांचा किंवा पतंग उडवणाऱ्या मुलांचा हात तिथे पोहोचता कामा नये.

पायरी २: रिग आणि संगणकाची जोडणी

हे थोडक्यात. रिग डेटा मोडवर हवी, आयकॉम आयसी-७३००वर तो यूएसबी-डी नावाने दिसतो. स्पीच कॉम्प्रेसर, नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन सगळं बंद. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये 'रेडिओ' टॅबवर रिगचं मॉडेल, पोर्ट आणि वेग निवडून 'टेस्ट कॅट' (संगणकाचा रिगवर ताबा बसतो का याची चाचणी) दाबा, ते हिरवं झालं पाहिजे. तिथेच खाली 'स्प्लिट ऑपरेशन' आहे. ते 'रिग' किंवा 'फेक इट'वर ठेवा.

या एका पर्यायाचा उपयोग समजून घेण्यासारखा आहे. वरच्या उदाहरणातल्या ६०० हर्ट्झच्या सावल्या १२०० आणि १८०० वर पडल्या, कारण दोन्ही जागा रिगच्या गाळणीच्या (फिल्टरच्या) आत येतात. स्प्लिट चालू असेल तर सॉफ्टवेअर प्रक्षेपणापुरती रिगची फ्रिक्वेन्सी सरकवतं आणि ऑडिओ कायम १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान ठेवतं. त्याची दुप्पट ३००० किंवा वर जाते आणि गाळणीतच अडकते. शिवाय स्वर गाळणीच्या मधोमध राहतो, त्यामुळे कडेला गेल्यावर पॉवर घसरण्याचा प्रकारही थांबतो. प्रक्षेपण सुरू होताच रिगवरचे आकडे थोडे बदललेले दिसले तर घाबरू नका, ते असंच व्हायला हवं.

पायरी ३: संगणकाच्या आवाजाचा मार्ग

सिग्नल तीन नळांतून वाहत जातो: सॉफ्टवेअरमधला 'पॉवर' स्लायडर, संगणकाच्या साउंड मिक्सरमधला व्हॉल्यूम, आणि रिगमधली यूएसबी ऑडिओची पातळी. तिन्ही एकदम फिरवले तर गोंधळ अटळ. म्हणून दोन पक्के करायचे आणि एकच हातात ठेवायचा.

रिगमधली पातळी कारखान्याच्या मूळ सेटिंगवर असू द्या, आयसी-७३००ला ती ५० टक्के असते. विंडोजमध्ये रिगचं साउंड कार्ड शोधा, बहुधा 'यूएसबी ऑडिओ कोडेक' असं नाव दिसेल. त्याचे सगळे 'एन्हान्समेंट' बंद करा, नमुना दर १६ बिट ४८००० हर्ट्झ ठेवा. हे साउंड कार्ड संगणकाचं डिफॉल्ट कार्ड नसावं, नाहीतर ईमेल आल्याची टिंगटिंग ४० मीटरवर प्रक्षेपित होईल. विंडोज अपडेट झालं की ही निवड कधी कधी आपोआप बदलते, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर एक नजर टाकायची सवय लावा. व्हॉल्यूम सुरुवातीला ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

येणाऱ्या आवाजाचंही याच वेळी पाहून घ्या: शांत बँडवर डावीकडची उभी पट्टी ३० डेसिबलच्या आसपास असावी.

पायरी ४: ट्यून बटण, स्लायडर आणि एएलसी

आता मुख्य काम. शक्य असेल तर अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर प्रक्षेपित न करता जिरवून टाकणारा भार, लावा. ५० ओहमचा, तुमच्या पॉवरला पुरेसा. डमी लोड नसेल तर बँडवर रिकामी जागा शोधा, आधी ऐका, आणि स्वर पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सोडू नका. ७.०७४च्या गर्दीत स्वर सोडून ट्यूनिंग करणं हे दुसऱ्याच्या बोलण्यावर ताट वाजवण्यासारखं आहे.

रिगवर पॉवर हवी तेवढी लावा, समजा ४० वॉट. मीटरवर एएलसी (जास्तीचा आवाज आपोआप दाबणारी रिगमधली यंत्रणा) निवडा. सॉफ्टवेअरच्या मुख्य खिडकीत उजवीकडे 'पॉवर'चा उभा स्लायडर आहे. तो पूर्ण खाली न्या, 'ट्यून' दाबा आणि हळूहळू वर सरकवा. पॉवर चढायला लागेल. एका जागी एएलसीची सुई हलेल. तिथून थोडं खाली या, सुई शून्यावर येईल आणि पॉवर किंचित कमी होईल. हीच जागा. स्लायडर अगदी तळाशीच अडकून बसला असेल तर मिक्सरमधला व्हॉल्यूम कमी करा. स्लायडर सर्वांत वर नेऊनही पॉवर मिळत नसेल तर व्हॉल्यूम वाढवा. नेहमीच्या वापरात स्लायडर मधल्या टप्प्यात असला की बोटाला वाव राहतो.

एएलसी म्हणजे रिगचा पहारेकरी. आवाज जास्त आला की तो दाबून ठेवतो, म्हणून पॉवर वाढलेली दिसत नाही, पण आत स्वराचा आकार बिघडू लागतो. माझी चूक तीच होती: मी रिगचं पॉवर बटण खाली घेतलं आणि पहारेकऱ्यावरचा भार उलट वाढवला.

सगळ्या रिगचे एएलसी मीटर एकच भाषा बोलत नाहीत. आयकॉमवर सुई शून्यावर किंवा जेमतेम थरथरती ठेवा. एलेक्राफ्ट के३वर चार-पाच रेघा उजळणं हेच योग्य, तिथे शून्याचा हट्ट धरलात तर पॉवर स्थिर राहत नाही. आणि हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स घराण्यातल्या रिग, ज्यांच्यावर आपल्याकडे कित्येकांनी सोल्डरिंग शिकून पहिला सिग्नल सोडला, त्यांत एएलसी नाहीच. तिथे सुईचा इशारा मिळत नाही.

म्हणून मी एक चाचणी सगळ्याच रिगवर करतो, आणि माझा तिच्यावर सुईपेक्षा जास्त भरवसा आहे. बाहेरचा पॉवर मीटर लावा. स्लायडरवर माउस नेला की डेसिबलमधला आकडा दिसतो, समजा उणे ८. 'ट्यून' दाबून पॉवर वाचा: २४ वॉट. आता स्लायडर ३ डेसिबलने खाली, उणे ११ वर आणा. पॉवर निम्मी, म्हणजे १२ वॉटच्या आसपास यायला हवी. आली तर साखळी सरळ वागते आहे. ती २० किंवा २१ वरच रेंगाळली, तर कुठेतरी दाब बसतो आहे. एएलसीचा असेल, नाहीतर शेवटच्या अॅम्प्लिफायरचा. मग आणखी खाली या, आणि ३ डेसिबलला पॉवर निम्मी होते तो टप्पा गाठा. त्याच्या वर कधीही जायचं नाही. त्याच बिटएक्स घराण्यातल्या मायक्रोबिटएक्सवर ही चाचणी केली की तिच्या आयआरएफ५१० ट्रान्झिस्टरच्या जोडीची खरी ताकद कळते. एफटी८साठी तिला ५ वॉटच्या आत ठेवा आणि हीटसिंकवर छोटा पंखा बसवा.

चाचणी चालू असताना रिगच्या टर्मिनलपाशी व्होल्टेजही पाहा. प्रक्षेपणात १३.८ वरून १२.५ पर्यंत घसरत असेल तर ऑडिओ कितीही जुळवला तरी सिग्नल स्वच्छ होणार नाही. जाड आणि आखूड वायर वापरा, फ्यूजचे सांधे घासून घ्या.

पायरी ५: प्रत्येक बँडची वेगळी आठवण

४० मीटरवर जुळवलेला स्लायडर १५ मीटरवर चालेलच असं नाही, कारण रिग सिग्नल किती पटीने वाढवते (गेन) ते बँडगणिक बदलतं. सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ' टॅबवर 'रिमेंबर पॉवर सेटिंग्ज बाय बँड' आहे, त्याखाली 'ट्रान्समिट' आणि 'ट्यून' असे दोन चौकोन. दोन्हींवर खूण करा. आता सॉफ्टवेअर प्रत्येक बँडसाठी दोन वेगळ्या जागा लक्षात ठेवतं, एक कामाची आणि एक ट्यूनिंगची. ज्यांच्याकडे अँटेना रिगला जुळवून देणारा बाहेरचा ऑटोमॅटिक ट्यूनर आहे त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय.

बाहेरच्या ट्यूनरला जुळवायला थोडाच पण स्थिर स्वर लागतो, ५ ते १० वॉट पुरतात. 'ट्यून' दाबा, स्लायडर खाली ओढून १० वॉटवर आणा, ट्यूनरला काम करू द्या, रिले टकटक करून शांत झाले की 'ट्यून' सोडा. स्लायडर आपोआप कामाच्या जागेवर परत येतो. पुढच्या वेळी 'ट्यून' दाबलं की पुन्हा १० वॉटच. पूर्ण पॉवरवर ट्यूनर कधीही चालवू नका, रिलेचे संपर्क ठिणगीने जळतात.

रिगच्या आतला ट्यूनर वापरत असाल तर रिगवरचंच बटण दाबा, तो स्वतःचा स्वर स्वतः सोडतो. आयसी-७३००चा आतला ट्यूनर एसडब्ल्यूआर ३ पर्यंतच सांभाळतो. त्यापुढची अँटेना असेल तर पहिल्या पायरीकडे परत जा. ट्यूनर रिगला समाधान देतो, अँटेना आणि केबलमधली तफावत होती तशीच राहते.

पायरी ६: पॉवर वाढवल्यावरच दिसणारा त्रास

१० वॉटवर सगळं सुरळीत, ४० वर गेलं की माउस अडकतो, यूएसबी तुटते, किंवा 'रिग कंट्रोल एरर' येतो. अँटेनाची ऊर्जा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून खोलीत परत येते, त्याची ही खूण. माझ्याकडे एकदा यूएसबी तुटली आणि रिग प्रक्षेपणातच अडकली. सॉफ्टवेअरचा 'टीएक्स वॉचडॉग' अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण थांबण्याचा निरोपच रिगपर्यंत पोहोचत नाही. मी दुसऱ्या खोलीत होतो. परत आलो तेव्हा पंखा पूर्ण वेगात होता आणि रिगच्या पाठीवर हात ठेववत नव्हता. तेव्हापासून रिगचा स्वतःचा टाइम-आउट टायमर कमीत कमी वेळावर ठेवतो आणि एफटी८ चालू असताना उठून जात नाही.

ही परत येणारी ऊर्जा अडवायचा इलाज असा: डायपोलच्या मध्यावर १:१ करंट बालन, कोअॅक्सचे दहा-बारा वेढे फेराइट (लोहचुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर घालून केलेला चोक, यूएसबी केबल आखूड आणि तिच्या दोन्ही टोकांना फेराइटचे चिमटे. टोकाकडून फीड केलेली ४९:१ ट्रान्सफॉर्मरची अँटेना असेल तर हा चोक हवाच हवा.

पायरी ७: किती पॉवर पुरेशी, हे बँडलाच विचारा

आता पीएसके रिपोर्टर या, कोणी कोणाला ऐकलं ते दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं कॉलसाइन टाका. ४० वॉटवर पाच-सहा वेळा सीक्यू (सगळ्यांना उद्देशून हाक) द्या, कोणी ऐकलं आणि किती डेसिबलने, ते लिहून घ्या. लगेच स्लायडर ६ डेसिबल खाली आणा, म्हणजे १० वॉट, आणि पुन्हा तेवढेच सीक्यू. जी स्टेशनं दोन्ही यादींत आहेत त्यांचे आकडे ताडून पाहा. फेडिंगमुळे, म्हणजे सिग्नल वाटेत कमीजास्त होत असल्याने, एकेक आकडा उड्या मारतो, म्हणून आठ-दहा स्टेशनांची सरासरी धरा. ती ६ डेसिबलच्या आसपास खाली यायला हवी. पहिल्या फेरीत कोणी तुम्हाला उणे ५ वर ऐकत असेल तर दुसऱ्या फेरीत उणे ११ वर ऐकेल, आणि एफटी८ उणे २१ पर्यंत उकलतं. माझ्या एमके६८ चौकोनातून (हॅम जागा सांगायला वापरतात त्या नकाशाच्या जाळीतला चौकोन) रात्री ४० मीटरवर बहुतेक वेळा १० वॉटांत काम होतं. दूरचं, दुबळं स्टेशन समोर असेल तेव्हाच स्लायडर वर जातो.

फरक ६ ऐवजी २-३ डेसिबलच निघाला, तर तुमची साखळी अजून दाबली जाते आहे. चौथ्या पायरीची चाचणी पुन्हा करा. शेवटी गावातल्याच एखाद्या हॅमला फोन करून त्याच्या वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट मागवा. जवळच्या स्टेशनावर तुमचा सिग्नल सर्वांत जोरात पोहोचतो, त्यामुळे सावली असलीच तर तिथे नक्की दिसते. तुमच्या जागी एकच बारीक रेघ, दुप्पट-तिप्पट हर्ट्झवर काहीही नाही, दोन्ही कडांना धूसर पिसारा नाही, असं चित्र आलं की त्या बँडचा स्लायडरचा आकडा, पॉवर आणि तारीख वहीत लिहा आणि पुढचा बँड घ्या.